पडद्याच्या पोटातील ठसा : अंगुलिमुद्रा-संवेदक आणि दाट पिक्सेलांचे पटल

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा छापील पाठ)

मोबाइल फोनच्या पडद्यावर बोट टेकवले की कुलूप उघडते, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की त्या काचेखाली चित्र दाखवणारे आणि ठसा वाचणारे अशी दोन यंत्रे एकाच जागेसाठी आणि एकाच प्रकाशासाठी भांडत असतात, याची जाणीव वापरणाऱ्याला होत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हे भांडण आणि ते मिटवण्याचे आजवर झालेले प्रयत्न हा आहे. पडद्याचे पिक्सेल जसजसे बारीक आणि दाट होत गेले, तसतसे त्यांच्या खाली ठसा-संवेदक बसवणे अधिकच अवघड होत गेले. या अडचणीचे मूळ बोटावरील उंचवटे, संवेदकाचे बिंदू आणि पडद्याचे पिक्सेल या तिन्हींच्या मापांत आहे, आणि तिच्यावरचा टिकाऊ उपाय संवेदकाला पटलाच्या खाली ठेवण्यात नसून पटलाच्या विणीतच घेण्यात आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. मात्र हा उपाय फुकट मिळत नाही, आणि त्याची किंमत कोणी व कशासाठी मोजावी, हा प्रश्न तंत्रज्ञांनी वाटतो तितका गंभीरपणे घेतलेला नाही.

प्रथम मापे पाहिली पाहिजेत. बोटाच्या पेरावरील कातडीवर जे उंचवटे आणि त्यांच्यामध्ये ज्या खाचा असतात, त्यांतील एका उंचवट्याच्या माथ्यापासून पुढच्या उंचवट्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर प्रौढ माणसात साधारणपणे ०.४ ते ०.५ मिलिमीटर भरते, म्हणजे एका इंचात असे ५० ते ६० उंचवटे मावतात. ओळख पटवताना या उंचवट्यांची सर्वसाधारण वळणे फारशी उपयोगी पडत नाहीत, कारण ती हजारो माणसांत सारखी असतात; उंचवटा जेथे अचानक संपतो किंवा जेथे त्याला फाटा फुटतो, त्या जागा आणि त्यांच्यातील परस्पर अंतरे माणसागणिक वेगळी असतात व त्यांनाच सूक्ष्मलक्षणे म्हणतात. ही लक्षणे विश्वासाने टिपण्यासाठी अमेरिकेच्या एफबीआयने ठशाच्या प्रतिमेत एका इंचाला ५०० बिंदू असावेत असा दंडक घातला, आणि पुढे साऱ्या जगाने तो उचलला. दर इंचाला ५०० बिंदू याचा अर्थ दोन बिंदूंत ५०.८ मायक्रोमीटर अंतर. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हा आकडा पुढे वारंवार लागणार आहे.

या शास्त्राचा भारताशी असलेला संबंध जुना आहे. विल्यम हर्शेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे एका कंत्राटावर सहीबरोबर कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. फ्रान्सिस गॅल्टन यांचा अंगुलिमुद्रांवरील ग्रंथ १८९२ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि १८९७ मध्ये कोलकात्यात जे अंगुलिमुद्रा केंद्र निघाले, त्यातील वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली, तरी तिच्या मागचे गणित आणि कष्ट अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचे होते. त्या काळी शाई लावलेले बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कागदावर लोळवले जाई आणि त्यामुळे पेराचा जवळजवळ सारा पृष्ठभाग हाती लागे. फोनमधील संवेदकाला या पृष्ठभागाचा एक तुकडाच दिसतो. हा फरक किरकोळ नाही, हे पुढे दिसेल.

फोनवर ठसा-संवेदक रुळला तो २०१३ च्या सप्टेंबरात आलेल्या आयफोन ५एसमुळे. त्याच्या गोल बटणाखाली नीलम स्फटिकाच्या आवरणाआड दर इंचाला ५०० बिंदूंचा धारितामापक संवेदक होता. धारिता म्हणजे दोन विद्युत्वाहकांमध्ये विद्युत्भार साठवण्याची क्षमता. बोटाचा उंचवटा संवेदकाच्या सूक्ष्म पट्टीला अगदी जवळ येतो तेथे ती वाढते, खाच असेल तेथे मध्ये हवा राहिल्याने ती कमी होते, आणि या फरकातून ठशाचा नकाशा तयार होतो. पद्धत स्वस्त आणि भरवशाची होती, पण तिला पडद्याबाहेर स्वतःची जागा लागे. पुढल्या तीन-चार वर्षांत फोनच्या दर्शनी बाजूवर काठापासून काठापर्यंत पडदाच असावा ही चढाओढ सुरू झाली, बटणाला जागा उरली नाही, आणि २०१७ मध्ये ॲपलने आयफोन १० मध्ये ठसा सोडून चेहऱ्याच्या ओळखीचा मार्ग धरला. इतरांनी, विशेषतः चिनी आणि कोरियन उत्पादकांनी, ठसा सोडला नाही. त्यांनी तो पडद्याखाली नेला. २०१८ च्या जानेवारीत सिनॅप्टिक्स कंपनीचा प्रकाशीय संवेदक घेऊन आलेला विवोचा एक्स२० प्लस यूडी हा या मार्गावरचा बाजारात आलेला पहिला फोन होय.

बटणातील धारितामापक संवेदकच उचलून पडद्याखाली का ठेवता आला नाही, असा प्रश्न येथे सुचणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर थोडे सावकाश पाहण्याजोगे आहे. आजचा ओलेड पडदा, म्हणजे वीज मिळताच स्वतः प्रकाशणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांच्या थरांचा पडदा, वरून खाली पाहत गेल्यास असा असतो : सुमारे अर्ध्या मिलिमीटरची कडक काच, तिला चिकटवणारा पारदर्शक डिंक, बाहेरच्या उजेडाची चमक मारणारा ध्रुवक, ओल आणि हवा रोखणारे पातळ वेष्टन, मग प्रकाशणारे सेंद्रिय थर, त्यांना वीज पुरवणाऱ्या पातळ थरांच्या ट्रान्झिस्टरांचे जाळे आणि सर्वांत खाली पॉलिइमाइड या प्लास्टिकची लवचीक बैठक. बोट आणि संवेदक यांच्यात अशा रीतीने पाऊण-एक मिलिमीटर किंवा त्याहून अधिक अंतर पडते. विद्युत्क्षेत्राचा नियम असा आहे की ज्या नक्षीची पुनरावृत्ती ०.४५ मिलिमीटरवर होते, तिची छाप दर ०.०७ मिलिमीटर खोलीला सुमारे २.७ पटींनी फिकी होत जाते, म्हणजे ०.८ मिलिमीटर खाली पोहोचेपर्यंत तिचा सुमारे ७० हजारावा हिस्सा उरतो. इतका क्षीण संकेत पडद्याच्या स्वतःच्या विद्युत् गोंगाटात शोधणे निरर्थक आहे. स्पर्श ओळखणारे जाळे याच काचेखालून बिनतक्रार चालते, कारण त्याला सबंध बोटच हुडकायचे असते आणि त्याच्या पट्ट्यांमधील अंतर चार-पाच मिलिमीटर असते. त्यामुळे धारितेचा मार्ग धरायचा तर संवेदक काचेच्या वरच्या पृष्ठाजवळ आणि पारदर्शक करावा लागतो. जपान डिस्प्ले या कंपनीने २०१८ च्या जानेवारीत काचेवरच घडवलेला पारदर्शक धारितामापक संवेदक जाहीर केला तो याच विचाराने, पण फोनच्या बाजारात हा मार्ग रुळला नाही. लहरीच हव्यात, मग त्या प्रकाशाच्या असोत वा ध्वनीच्या, असा निष्कर्ष बहुतेकांनी काढला.

प्रकाशीय पद्धतीत बोटाखालचे पिक्सेल क्षणभर प्रखर उजळतात, त्यांचा प्रकाश वर काचेच्या पृष्ठभागापर्यंत जातो, तेथून परततो आणि पिक्सेलांच्या व तारांच्या फटींतून खाली झिरपून संवेदकावर पडतो. खाचेखाली काचेला हवा लागून असते, आणि १.५ अपवर्तनांकाची काच हवेच्या सीमेवर सरळ येणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परतवते. उंचवटा मात्र काचेला चिकटलेला असतो, कातडी आणि काच यांचे अपवर्तनांक जवळजवळ असल्याने तेथून आरशासारखा परतणारा प्रकाश हजारात एक-दोन इतकाच उरतो आणि बाकीचा कातडीत शिरून विखुरतो. या फरकावर सारा डोलारा उभा आहे, आणि तो किती नाजूक आहे हे हिशेबाने कळते. ध्रुवक बाहेर जाणारा निम्म्याहून अधिक प्रकाश खातो, उरलेल्यातला ४ टक्के परततो, आणि पटल स्वतः इतके दाट विणलेले असते की त्यातून आरपार जाणारा प्रकाश काही टक्क्यांपलीकडे जात नाही. पिक्सेलने दिलेल्या दर दहा हजार कणांपैकी पाच-सहाच अशा रीतीने ठशाची बातमी घेऊन खाली पोहोचतात. त्यातही पॉलिइमाइडची पिवळसर बैठक निळा प्रकाश शोषते, म्हणून बोटाखाली उजळणारे वर्तुळ बहुधा हिरव्या किंवा हिरवट-निळ्या रंगाचे ठेवतात.

इतक्यावर भागत नाही, कारण परतलेला प्रकाश सर्व दिशांनी येतो आणि शेजारच्या उंचवट्यांच्या बातम्या एकमेकींत मिसळतात. पहिल्या पिढीने खाली सूक्ष्म भिंग आणि कॅमेऱ्याचा संवेदक बसवला. त्याला काही मिलिमीटर जाडी लागे, म्हणून तो बॅटरीला टाळून पडद्याच्या खालच्या कडेला ढकलावा लागे, आणि वापरणाऱ्याच्या अंगठ्याला ती एकच जागा शोधावी लागे. दुसऱ्या पिढीने भिंगाऐवजी अरुंद छिद्रांची किंवा सूक्ष्मभिंगांची चाळणी घातली, जिच्यातून जवळजवळ सरळ उतरणारे किरणच आत येतात. बोट संवेदकापासून १.५ मिलिमीटर दूर असेल आणि एक दशांश मिलिमीटरचा तपशील हवा असेल, तर किरणांची तिरपेपणाची मुभा चार अंशांच्या आसपास ठेवावी लागते, आणि सर्व दिशांना विखुरलेल्या प्रकाशातून इतक्या अरुंद शंकूत हजारात पाच एवढाच भाग बसतो. जाडी वाचली ती अशा रीतीने पुन्हा प्रकाश खर्चून. एलसीडी पडद्यांची गोष्ट आणखी कठीण, कारण त्यांच्या मागे प्रकाशपेटी आणि अपारदर्शक परावर्तक थर असतो. ते थर अवरक्त प्रकाशाला पारदर्शक करून त्यातून ठसा घेणारा नमुना रेडमीने २०२० मध्ये दाखवला, परंतु मुख्य प्रवाह ओलेडचाच राहिला.

आता मूळ मुद्द्याकडे यावयाचे. पडद्याचे पिक्सेल हे एक नियमित जाळे आहे, संवेदकाचे बिंदू हे दुसरे, आणि पहिल्याच्या फटींतून दुसरे वर पाहते. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आले की त्यांच्या विणीत नसलेले मोठे लाटांसारखे पट्टे दिसतात. भौतिकशास्त्रात याला मॉयरे नक्षी म्हणतात, आणि तिची दाटी दोन जाळ्यांच्या दाट्यांच्या वजाबाकीइतकी असते. उच्च विभेदनाच्या, म्हणजे दर इंचाला ४०० ते ५५० पिक्सेल असलेल्या फोनच्या पटलांत ही वजाबाकी नेमकी कुठे जाऊन पडते ते पाहावे. पटल दर इंचाला ४४० पिक्सेलांचे आणि संवेदक दर इंचाला ५०० बिंदूंचा असेल, तर मॉयरे पट्टे दर इंचाला ६० पडतात, म्हणजे दर ०.४२ मिलिमीटरला एक. बोटावरच्या उंचवट्यांचे अंतर ०.४ ते ०.५ मिलिमीटर असल्याचे वर आलेच आहे. यंत्राने स्वतःच निर्माण केलेला भास अशा रीतीने नेमका ठशाच्याच मापाचा निघतो, आणि प्रतिमा स्वच्छ करणारी जी गणिती गाळणी ठशाच्या मापाच्या रेषा राखते, ती याही रेषा राखते. पटल विरळ, समजा दर इंचाला २०० पिक्सेलांचे असते, तर पट्टे दर इंचाला ३०० पडले असते आणि ते गाळून टाकणे पोरखेळ ठरला असता. पडद्याच्या सुबकतेसाठी ग्राहकाने जी दाटी मागितली, तिनेच ही अडचण ओढवून आणली, असे म्हणणे भाग आहे.

प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ राहत नाही. ओलेड पटलांत हिरवे उपपिक्सेल पूर्ण संख्येने आणि लाल व निळे निम्म्या संख्येने, तिरप्या चौकटीत मांडण्याची रीत आहे, त्यामुळे एकाच पटलात दोन-तीन वेगवेगळी जाळी असतात. भिंग असेल तर त्याच्या लहान-मोठेपणाने संवेदकाचे परिणामी माप बदलते. पण वजाबाकीचा नियम सुटत नाही. त्यावरचा सर्वांत साधा उपाय म्हणजे संवेदक पटलाच्या तुलनेत थोडा फिरवून बसवणे. वरच्याच उदाहरणात संवेदक २० अंश फिरवला, तर पट्ट्यांची दाटी दर इंचाला ६० वरून सुमारे १७४ वर जाते, म्हणजे पट्टे ०.१५ मिलिमीटरवर येतात आणि उंचवट्यांपासून वेगळे ओळखू येतात. दुसरा उपाय कारखान्यातच बोटाविना एक प्रतिमा घेऊन ठेवणे आणि प्रत्येक ठशातून ती वजा करणे हा आहे. तो चालतो, पण बोटाच्या दाबाने पटल किंचित वाकते, तापमानाने थर फुगतात, आणि वर लावलेली संरक्षक काच प्रकाशाची वाट बदलते, तेव्हा साठवलेली प्रतिमा आणि खरी पार्श्वभूमी यांचा मेळ सुटतो. नवा फोन ठसा पटकन ओळखतो आणि संरक्षक काच लावल्यावर तोच रेंगाळतो, या सार्वत्रिक तक्रारीमागे बहुतांशी हेच कारण असते.

ध्वनीचा मार्ग धरणाऱ्यांनी ही सारी प्रकाशीय कटकट बाजूला ठेवली. क्वालकॉम कंपनीने २०१३ मध्ये अल्ट्रा-स्कॅन ही कंपनी घेऊन हे तंत्र आपलेसे केले आणि २०१९ च्या आरंभी सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० मध्ये ते पडद्याखाली आले. यात दाबविद्युत द्रव्याचा, म्हणजे वीज दिल्यास कंप पावणाऱ्या आणि कंप मिळाल्यास वीज देणाऱ्या द्रव्याचा, पातळ थर श्राव्यातीत ध्वनीचा स्पंद वर पाठवतो आणि परतलेला प्रतिध्वनी टिपतो. ध्वनीला प्रत्येक माध्यम जो अडसर घालते त्याला ध्वनिरोध म्हणतात. काचेचा ध्वनिरोध त्याच्या एककात सुमारे १३, कातडीचा १.६ आणि हवेचा जवळपास शून्य असल्याने खाचेखालून सारी ऊर्जा परतते, तर उंचवट्याखालून सुमारे ६० टक्के. प्रकाशीय पद्धतीतील चार टक्क्यांच्या खेळाशी तुलना करता हा फरक चांगला भरघोस आहे. ओलसर बोटही या पद्धतीत चालते असे सांगितले जाते, ते मात्र मर्यादेतच खरे मानावे, कारण पाण्याचा ध्वनिरोध कातडीच्या ध्वनिरोधाशी जवळजवळ जुळतो आणि खाचा पाण्याने पूर्ण भरल्या तर वरवरचा फरक येथेही पुसला जाणारच. प्रकाशीय पद्धतीत अशा वेळी ४ टक्के परावर्तन घसरून अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते.

ध्वनीची खरी अट हवा ही आहे. मार्गात हवेचा अगदी सूक्ष्म थर असला तरी स्पंद तेथूनच माघारी फिरतो, म्हणून वेष्टनासाठी वेगळी काच वापरणाऱ्या आणि तिच्याखाली पोकळी असणाऱ्या ताठ ओलेड पटलांना हे तंत्र लागू पडत नाही. त्याला थर एकमेकांना घट्ट चिकटलेले लवचीक पटलच हवे. याच अटीतून एक गाजलेली फजिती झाली. २०१९ च्या ऑक्टोबरात असे उघडकीस आले की गॅलेक्सी एस१० आणि नोट १० या फोनांवर सिलिकॉनचे काही आवरण घातले असता कोणाच्याही बोटाने कुलूप उघडते. आवरणाच्या आतल्या बाजूची उठावदार नक्षी हाच ठसा आहे असा संवेदकाचा समज होत होता, असे स्पष्टीकरण सॅमसंगने दिले आणि सुधारित आज्ञावली पाठवली. दरम्यान दक्षिण कोरियातील काकाओ बँकेने ग्राहकांना ठशाचा वापर बंद ठेवण्याची सूचना केली. दोष एका कंपनीचा असला तरी त्यातला बोध सर्वांचा आहे : संवेदक बोटापासून दूर, परक्या थरांच्या आड बसवला की आपण बोट पाहतो आहोत की मधला थर, हे त्याला खात्रीने कळत नाही.

संवेदक पटलातच विणण्याची कल्पना येथे महत्त्वाची ठरते. पिक्सेलच्या शेजारी, त्याच ट्रान्झिस्टरांच्या जाळ्यात, प्रकाश पडताच वीज देणारा सूक्ष्म प्रकाशग्राही डायोड बसवला, तर संवेदकाचे आणि पडद्याचे जाळे एकच होते आणि दोन दाट्यांची वजाबाकी शून्य येते. मॉयरे उद्भवतच नाही. पटल दर इंचाला ४४० पिक्सेलांचे असेल तर प्रत्येक पिक्सेलला एक डायोड देऊन ४४० ची, किंवा एक सोडून एक दिल्यास २२० ची प्रतिमा मिळते. ५०० चा दंडक मोडला म्हणून येथे बिचकण्याचे कारण नाही, कारण दर इंचाला ६० उंचवटे असलेली नक्षी टिपण्यास गणिताच्या नियमाने १२० बिंदूंहून थोडे अधिकही पुरतात, आणि फोनचे कुलूप उघडणे म्हणजे न्यायालयात पुरावा देणे नव्हे. परतीचा प्रकाशही आता सगळे पटल ओलांडून खाली येण्याऐवजी प्रकाशणाऱ्या थराशीच पकडला जातो, त्यामुळे वर सांगितलेल्या हिशेबातील सर्वांत मोठी गळती बंद होते. सॅमसंग डिस्प्लेने २०२३ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिस येथील डिस्प्ले वीक या परिषदेत सेंद्रिय प्रकाशग्राही डायोड पटलातच अंतर्भूत केलेला ओलेड पडदा दाखवला. त्यावर कोठेही बोट ठेवून ठसा देता येई, आणि बोटातील रक्तप्रवाहाने परावर्तित प्रकाशात होणाऱ्या चढउतारावरून हृदयगती व रक्तदाब यांचा अंदाजही घेता येई.

किंमत मात्र जागेत मोजावी लागते. दर इंचाला ४४० पिक्सेल म्हणजे एक पिक्सेल ५८ मायक्रोमीटरचा चौरस. त्यात तीन रंगांचे प्रकाशक, त्यांचे ट्रान्झिस्टर आणि तारा आधीच दाटीवाटीने बसलेले असतात. डायोडला त्यातील जागा दिली की प्रकाशकाची जागा घटते, तेवढाच उजेड लहान जागेतून काढावा लागतो, आणि ओलेडचे आयुष्य प्रखरतेच्या दीड ते दोन घातांच्या प्रमाणात कमी होते. प्रकाशणाऱ्या क्षेत्राचा दहावा हिस्सा गमावला तर आयुष्य १५ ते १९ टक्क्यांनी आखडते. निळा प्रकाशक आधीच अल्पायुषी असल्याने हा फटका प्रथम त्यालाच बसतो. त्यात भर म्हणजे डायोडमधून मिळणारी वीज अत्यल्प, तिला पटलाच्या टोकापर्यंत नेणारी तार लांब, आणि शेजारच्या तारांतून चित्राची माहिती सतत धावत असते. म्हणून चित्राच्या दोन फेऱ्यांमधील विश्रांतीत वाचन उरकावे लागते किंवा प्रत्येक डायोडला स्वतःचा वर्धक ट्रान्झिस्टर द्यावा लागतो, जो पुन्हा जागा मागतो. वाचनाचा पसारा मात्र वाटतो तितका मोठा नाही. ६५ गुणिले १४५ मिलिमीटरच्या पडद्यावर ५०० च्या दाटीने सुमारे साडेछत्तीस लाख बिंदू होतात खरे, पण स्पर्शाच्या जाळ्याला बोट कोठे आहे हे ठाऊकच असते, आणि तेवढाच एक सेंटिमीटरचा चौकोन वाचायचा तर सुमारे ३९ हजार बिंदू पुरतात. ध्रुवक काढून त्याच्या जागी वेष्टनावरच रंगगाळणी बसवण्याची जी रीत २०२१ पासून सॅमसंगच्या घडीच्या फोनांत आली, तिने पटलाची प्रकाशपारगम्यता सुमारे एकतृतीयांशाने वाढली. डायोडने गमावलेला उजेड अशा बाजूच्या सुधारणांतूनच भरून निघण्यासारखा आहे.

इतका खटाटोप कशासाठी, या प्रश्नाचे उत्पादकांचे उत्तर सोय हे असते : बोट कोठेही ठेवा, कुलूप उघडेल. हे उत्तर अपुरे आहे. ठरावीक जागी अंगठा ठेवण्याची सवय माणसाला आठवड्यात होते, आणि तेवढ्यासाठी पडद्याचे आयुष्य खर्ची घालणे हा वाईट सौदा आहे. सामीलीकरणाचे खरे समर्थन क्षेत्रफळात आहे. लहान संवेदकाला ठशाचा तुकडा दिसतो, म्हणून नोंदणीच्या वेळी फोन बोट पुन्हा पुन्हा ठेवायला लावून असे अनेक तुकडे साठवतो, आणि येणारा तुकडा त्यांपैकी कोणत्याही एकाशी जुळला तरी दार उघडतो. एका नोंदवलेल्या बोटासाठी परका माणूस चुकून स्वीकारला जाण्याची शक्यता ॲपलने ५० हजारांत एक अशी सांगितली होती. पाच बोटे नोंदवली की ती १० हजारांत एक होते. न्यूयॉर्क विद्यापीठ आणि मिशिगन स्टेट विद्यापीठ येथील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की अपुऱ्या तुकड्यांवर चालणाऱ्या पद्धतींत काही ठसे अनेकांच्या तुकड्यांशी जुळणारे निघतात, जणू ती गुरुकिल्लीच. तुकडा मोठा झाला की त्यातील सूक्ष्मलक्षणांची संख्या वाढते आणि अशा योगायोगाला वाव उरत नाही. क्वालकॉमच्या संवेदकांचा प्रवास हेच सांगतो : २०१९ मध्ये ४ गुणिले ९, म्हणजे ३६ चौरस मिलिमीटर, २०२१ च्या दुसऱ्या पिढीत ८ गुणिले ८, म्हणजे ६४, आणि दोन बोटे एकाच वेळी वाचणाऱ्या मोठ्या आवृत्तीत २० गुणिले ३०, म्हणजे ६००. ध्वनी-संवेदकाला क्षेत्रफळ वाढवताना वेगळे पटल जोडावे लागते व खर्च त्या प्रमाणात चढतो. पटलातच विणलेल्या संवेदकाला सारा पडदा आपसूक मिळतो.

क्षेत्रफळाचा दुसरा लाभ ज्यांना होईल त्यांचा विचार या चर्चेत क्वचितच येतो. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला, आणि त्यानंतर रेशनपासून निवृत्तिवेतनापर्यंत अनेक हक्क बोटाच्या ठशाशी जोडले गेले. ती यंत्रे फोनच्या पडद्याहून वेगळी आहेत, फोनमधील ठसा आधारच्या भांडाराशी ताडला जात नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु दोन्हींपुढचे बोट एकच आहे. ऊस तोडणारे, विटा-सिमेंट हाताळणारे, विड्या वळणारे, दिवसभर भांडी घासणारे हात यांच्या उंचवट्यांची झीज होते, कातडी कोरडी पडून काचेला नीट चिकटत नाही, चिरा नव्या खोट्या रेषा निर्माण करतात, आणि आठ मिलिमीटरच्या चौकोनात ओळखण्यासारखी लक्षणेच उरत नाहीत. पेराच्या कडेला, जेथे घर्षण कमी पोहोचते, तेथे ती बहुधा शाबूत असतात; जुन्या काळी बोट लोळवून ठसा घेत, त्याने ती टिपली जात. पडदाभर पसरलेला संवेदक लोळवलेले बोट पुन्हा वाचू शकतो, एकाच वेळी चार बोटे वाचू शकतो, आणि एका बोटाची उणीव दुसऱ्याने भरून काढू शकतो. पिक्सेलांची दाटी यात फारशी मदत करत नाही. २२० ची मोठी प्रतिमा ५०० च्या लहान प्रतिमेपेक्षा अशा हातांना अधिक न्याय देईल.

यासाठी पटल घडवण्याच्या विद्येत शिरण्याची गरज भारतातील सर्वच विद्यार्थ्यांना नाही. ओलेडची पटले आजही मुख्यतः कोरिया आणि चीन येथेच बनतात. पण मोजमापाचे निकष ठरवणे आपल्या हाती आहे. संवेदकाचा वेग आणि परक्याला स्वीकारण्याची शक्यता उत्पादक आनंदाने जाहीर करतात. खऱ्या मालकाला नाकारण्याचे प्रमाण, आणि तेही वय व व्यवसाय यांनुसार वेगवेगळे, जाहीर करण्याची सक्ती कोणी करत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रकल्पांनी हे आकडे गोळा करण्यास आरंभ करावा, आणि शासकीय खरेदीच्या निविदांत ही अट घातली जावी.